मराठीत बोलला म्हणून विश्वास ठेवला: कॅनमोअरच्या भाड्याच्या घराचा अनुभव

१२ जुलै २०२५, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅनमोअर गावात, कूगर क्रीक नावाच्या नाल्याजवळच्या एका घराच्या दारात उभा राहून माझा नवरा की-पॅडवर चार आकडी कोड चौथ्यांदा दाबत होता. दर वेळी लाल दिवा लागत होता. मुलं गाडीतून उतरून डोंगर बघत होती. सासूबाई मागच्या सीटवर गुडघा चोळत बसल्या होत्या. आणि मी फोनमधल्या फोटोवरून घराचा नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. नंबर बरोबर होता, घरही तेच होतं. फक्त फोटोतल्या डेकवर लाल खुर्च्या होत्या आणि इथे एक तीनचाकी सायकल पडली होती.

मग दार आतून उघडलं.

साठीच्या पुढचे एक गृहस्थ, शेजारी म्हातारा कुत्रा. आम्ही सांगितलं की आठवड्याभरासाठी हे घर बुक केलंय, पैसे भरलेत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हे माझं राहतं घर आहे, मी ते कधीच भाड्याने दिलेलं नाही, आणि या उन्हाळ्यात असे दारात आलेले तुम्ही पहिले नाही.

आमची गोष्ट सविस्तर लिहिते आहे, कारण कॅनडाहून परत आलेली आणि सुट्टीत मुलांना घेऊन पुन्हा तिकडे जाणारी बरीच मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत. आणि आम्ही जिथे फसलो, तिथे कोणीही मराठी माणूस फसेल असं मला मनापासून वाटतं.

२००८ ते २०१७ आम्ही कॅल्गरीत होतो. दोन्ही मुलांचा जन्म तिथलाच. सासूबाई दोन्ही बाळंतपणांना आल्या होत्या, पण एकदा जानेवारीत आणि एकदा नोव्हेंबरात. बर्फ, हीटर आणि खिडकीतून दिसणारा पांढरा रस्ता, एवढाच त्यांचा कॅनडा. मोरेन लेकचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर दिसायचं ते तळं त्यांना दाखवायचं राहूनच गेलं. २०२५ मध्ये त्यांना एकाहत्तरावं लागलं. गुडघे आणखी बिघडायच्या आत त्यांना तिकडचा उन्हाळा दाखवायचा, असं आम्ही ठरवलं. मुलांकडे कॅनडाचे पासपोर्ट आहेत, आम्हा तिघांचे व्हिसा काढले, आणि एप्रिलमध्ये मी राहण्याची जागा शोधायला बसले.

मला हॉटेल नको होतं. आईंचं पथ्य आहे, त्यांना सकाळी भाकरी लागते. म्हणजे स्वयंपाकघर हवं, आणि झोपायची खोली खालच्या मजल्यावर हवी. बँफ राष्ट्रीय उद्यानातल्या बँफ गावात जुलैचे दर ऐकूनच घाम फुटतो. कॅनमोअर बँफच्या अलीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, कॅल्गरीहून गाडीने जेमतेम सव्वा तास. तिथेही घरं महागच होती, कारण ४ ते १३ जुलै कॅल्गरीचा स्टँपीड, म्हणजे तिथला मोठा काउबॉय उत्सव, आणि त्या दिवसांत सगळा भागच भरलेला असतो.

अशात कॅल्गरीतल्या भारतीयांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर जाहिरात दिसली. तीन खोल्यांचं घर, खाली बेडरूम, डेकवरून थेट थ्री सिस्टर्सची तिन्ही शिखरं. आठवड्याचे २,८०० डॉलर. इतरत्र अशाच घराचे ४,००० च्या पुढे होते. मी इंग्रजीत चौकशी केली. माझं नाव बघून उत्तर मराठीत आलं, देवनागरीत: "नमस्कार ताई, आमच्या मालमत्तेत स्वारस्य दाखवल्याबद्दल धन्यवाद."

त्या एका ओळीने मी पाघळले. माझे आईवडील नाशिकचे, मी लहानपणापासून इथेच वाढलो, त्यामुळे मराठी कच्चं आहे, माफ करा, असं तो म्हणाला. मला त्याचं कौतुक वाटलं. आमच्याच ओळखीतली तिथली मुलं आजीशी धड बोलत नाहीत, आणि हा बिचारा चुकत-माकत का होईना, मराठीत लिहितोय. भाषेत काही खटकलं तरी मी ते त्याच्या खात्यावर माफ करून टाकत गेले. त्याची प्रत्येक चूकच मला तो खरा असल्याची खूण वाटत होती.

फोनवर बोलणं कधीच झालं नाही. मी उत्तर अल्बर्टात फोर्ट मॅकमरीला तेलाच्या कँपवर आहे, दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी, नेटवर्क नीट नसतं, असं त्याचं कारण होतं. कॅल्गरीत राहिलेल्या कोणालाही हे पटेल. आमच्या बिल्डिंगमधले दोघे असेच जात-येत असत. त्याला माझ्यासारख्या माणसाला काय पटेल ते बरोबर माहीत होतं.

मी एक प्रश्न मात्र अगदी नकळत योग्य विचारला होता. जून २०१३ च्या पुरात कूगर क्रीकने काठ फोडला, काठावरच्या घरांखालची जमीन वाहून गेली, ती दृश्यं आम्ही टीव्हीवर दिवसभर बघितली होती. म्हणून मी सहज विचारलं, पुरात तुमच्या घराला काही झालं होतं का? उत्तर आलं: "काळजी करू नका ताई, या भागात कधीही पूर येत नाही." लहानपणापासून अल्बर्टात वाढलेल्या, आणि त्याच नाल्याजवळ घर असलेल्या माणसाचं हे उत्तर! मला क्षणभर खटकलं. मग मीच मनात म्हटलं, घर नंतर घेतलं असेल, त्याला माहीत नसेल. तिथेच थांबायला हवं होतं मी.

पैसे इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे तिथल्या बँकांमधून ईमेलवर पैसे पाठवायच्या सोयीने, पाठवायचे होते. त्याला कॅनडातलं बँक खातं लागतं आणि आमचं तर बंद झालेलं. मग कॅल्गरीच्या माझ्या मैत्रिणीला सांगितलं. बारा वर्षांची मैत्री. तिने एका शब्दाने विचारलं नाही, तिच्या खात्यातून १,४०० डॉलर पाठवले. समोरच्याने ऑटोडिपॉझिट, म्हणजे पैसे आपोआप खात्यात जमा होण्याची सोय, लावलेलं असलं की पाठवणाऱ्याला पैसे घेणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दिसतं. तिने मला लगेच फोन केला, "अगं, हे नाव काही मराठी नाही, बाईचं वाटतंय, पाठवू ना?" मी त्याला विचारलं. घराचा हिशेब बघणाऱ्या बाईंचं खातं आहे, असं त्याचं उत्तर आलं. मी तिला म्हटलं, पाठव.

आठ दिवसांनी त्याने दुसरं कुटुंब मागे लागलंय असं सांगितलं आणि उरलेले १,४०० मागितले. जूनमध्ये मोडतोडीसाठीचं डिपॉझिट म्हणून ५०० आणखी. एकूण ३,३०० डॉलर, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. दर वेळी पैसे मैत्रिणीच्या खात्यातून गेले. आम्ही तिकडे पोचल्यावर तिला देणार होतो.

त्या संध्याकाळी त्या गृहस्थांनी आईंना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं, मुलांना कुत्र्याशी खेळू दिलं. आपल्या घराच्या दारात असे अनोळखी पाच जण आले असते तर आपण काय केलं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. त्यांनीच उलगडा केला. घर त्यांनी गेल्या हिवाळ्यात विकत घेतलं होतं. जाहिरातीतले फोटो त्याच विक्रीच्या वेळचे. लाल खुर्च्या आधीच्या मालकांच्या होत्या.

राहायला त्या रात्री जागा मिळणं शक्यच नव्हतं. शनिवार, स्टँपीडचा शेवटचा आठवडा, आणि २०२५ मध्ये २० जूनपासून २ सप्टेंबरपर्यंत राष्ट्रीय उद्यानांना प्रवेश मोफत होता, त्यामुळे गर्दी आणखीच. चार ठिकाणी विचारून आम्ही कॅल्गरीकडे परत निघालो. साडेनऊ वाजले तरी आभाळात उजेड होता. गाडीत कोणी बोलत नव्हतं. मागे लेक माझ्या फोनवरचे ते सगळे मेसेज पहिल्यापासून वाचत होती. ती तेरा वर्षांची, कॅल्गरीत जन्मलेली, तिचं मराठी शाळेतलं कमी आणि घरातलं जास्त. वाटेतल्या मॉर्ली गावाच्या आसपास तिने विचारलं, "आई, डिपॉझिटला 'ठेव' कोण म्हणतं?"

मी मागे वळून बघितलं.

ती वाचून दाखवायला लागली. "आरक्षण सुरक्षित करण्यासाठी." "ठेव पूर्णपणे परतावायोग्य आहे." "कृपया मला कळू द्या." म्हणाली, "मला लिहिता येत नसतं तर मी चुकले असते, पण असं नसते चुकले. मी 'बुकिंग कन्फर्म करायला' म्हटलं असतं. आणि 'माझा खोली' लिहिलं असतं."

तिचं अक्षरशः खरं होतं. परदेशात वाढलेल्या मुलांचं मराठी आपण घरोघरी ऐकतो. ती मुलं लिंग चुकवतात, अर्धे शब्द इंग्रजी घालतात, आणि लिहायची वेळ आली तर रोमन लिपीत लिहितात. "परतावायोग्य ठेव" ही कोणत्याही घरात कधी ऐकू न येणारी भाषा आहे, ती भाषांतराच्या यंत्रातून निघालेली. समोर बसलेला माणूस मराठी तर नव्हताच, त्याला मराठीचं एक अक्षरही येत नसावं. माझं आडनाव बघून त्याने भाषा निवडली होती.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या मुलाने जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर शोधायला टाकला. पाच मिनिटांत घरविक्रीची जुनी जाहिरात सापडली, तेच फोटो, फक्त कोपऱ्यातलं कंपनीचं नाव कापून टाकलेलं. एप्रिलमध्ये ही पाच मिनिटं मी दिली नव्हती. कॅनमोअरमध्ये पर्यटकांना घर भाड्याने द्यायचं तर नगरपालिकेचा परवाना लागतो. सोमवारी तिथल्या कार्यालयात फोन केला, तर त्या पत्त्याला कसलाही परवाना नव्हता. हा फोन पुण्यातूनही करता आला असता. आणि मैत्रीण सव्वा तासावर राहते, एका रविवारी जाऊन दार वाजवून आली असती तर ती तीन हजार डॉलर वाचवून आली असती. मी तिला पैसे पाठवायला सांगितलं, घर बघून यायला सांगितलं नाही.

तिच्या बँकेने स्पष्ट सांगितलं: ई-ट्रान्सफर एकदा समोरच्या खात्यात जमा झाली की परत फिरवता येत नाही, आणि पैसे खातेदाराने स्वतःच पाठवलेत. क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान तक्रार करून रक्कम मागता आली असती. बुकिंगच्या साइटवरून बाहेर येऊन थेट खात्यात पैसे मागणारा घरमालक दिसला की तिथेच हात आखडा. आम्ही तर साइटवर गेलोच नव्हतो.

पोलिसांत तक्रार दिली, फाइल नंबर मिळाला. तो घ्याच, बँक पुढे तोच मागते. कॅनडात अशा फसवणुकीची नोंद कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडेही करायची असते, फोन १-८८८-४९५-८५०१. पैसे भारतातल्या खात्यातून गेले असतील तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. आमच्या तक्रारीची नोंद घेणारी अधिकारी तरुण मुलगी होती. ती म्हणाली, ज्या बाईच्या नावाचं खातं आहे ती बहुतेक स्वतःच कोणीतरी वापरून घेतलेली असते. पैसे तिथून तासाभरात पुढे गेलेले असतात. परत मिळतील अशी आशा तिने दाखवली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटला.

मैत्रीण निम्मे पैसे घ्यायला तयार नव्हती. म्हणे, बटण मीच दाबलं ना. बराच वाद झाला आमचा, तिच्या स्वयंपाकघरात, हळू आवाजात, मुलं झोपल्यावर. शेवटी सगळे दिले. पण तिला नाव दिसलं होतं, तिने विचारलंही होतं, आणि माझ्या शब्दावर पुढे गेली, हे तिला लागून राहिलंय. दोन लाखांपेक्षा मला ते जास्त बोचतं.

मोरेन लेकला आता खासगी गाडी नेता येत नाही, बसचं बुकिंग लागतं. ते मी पार्क्स कॅनडाच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या, अधिकृत ठिकाणीच केलं होतं, मंगळवारचं. पहाटे साडेचारला कॅल्गरीहून निघालो. आई तळ्याकाठी एका लाकडावर बसल्या, कितीतरी वेळ. मैत्रिणीने डब्यात दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी त्यांनी तिथेच खाल्ली.

ऑगस्टमध्ये पुण्याला परतल्यावर मी त्या ग्रुपवर पुन्हा गेले. तीच लाल खुर्च्यांची जाहिरात, नाव नवीन. मी तक्रार केली, जाहिरात निघाली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या ग्रुपवर पुन्हा आली, या वेळी मजकूर गुजरातीत. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंना वाचायला दिला. चष्मा लावून त्यांनी दोन ओळी वाचल्या, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "असं आमच्यात कोणी बोलत नाही गं."