पहाटे सुरू न होणारी एटीव्ही: देवगडच्या बागेतले अकरा महिने

गेल्या दसऱ्याला १२५ सीसीची एटीव्ही घेतली, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी बाइक. चार जाड टायर, मागे लोखंडी कॅरिअर, रिव्हर्स गिअर, सेल्फ स्टार्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच चिनी बनावटीचं आडवं इंजिन निरनिराळ्या स्टिकरखाली विकलं जातं आणि माझी रडकथा स्टिकरची नाही, इंजिन सुरू होण्याची आहे.

आमची बाग देवगड तालुक्यात, कातळावर. आजोबांनी सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती आणून भरली आणि त्यात हापूसची कलमं उभी केली. त्या वाटांवर ट्रॅक्टर वळत नाही. फवारणीचं पाणी, खताच्या गोणी, मोसमात आंब्याचे क्रेट, सगळं माणसाच्या डोक्यावरून. एटीव्हीवर २० किलोचे दोन क्रेट आरामात चढावर येतात. या कामाला तिला पाचपैकी साडेचार गुण. सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही हे घेतानाच माहीत होतं, त्यामुळे तक्रार नाही.

तक्रार सुरू झाली डिसेंबरात. मोहोर आला, तुडतुड्यावर फवारणी सुरू झाली, आणि पहाटे सहाला गाडी उठेना. सेल्फ मारला की इंजिन भराभरा फिरायचं, धुराचा एक भपका यायचा आणि गप्प. दहा-बारा वेळा प्रयत्न केल्यावर कशीबशी लागायची. एकदा तापली की दिवसभर बोट लावायचा अवकाश.

ज्याच्याकडून गाडी घेतली त्याला फोन केला. न बघताच म्हणाला, बॅटरी गेली. मीही आंधळेपणाने नवी बॅटरी आणली. पैसे गेल्यावर मल्टिमीटर विकत घेतला, हा क्रम उलटा हवा होता. जुनी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारतानाही १०.४च्या खाली उतरत नव्हती. म्हणजे ठणठणीत. आणि जे इंजिन सेल्फवर एवढ्या जोमाने फिरतंय त्याची बॅटरी मेलेली कशी असेल, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. उलट ते नको तितकं हलकं फिरत होतं, आणि खरी खूण तीच होती. (सेल्फ अजिबातच फिरत नसेल तर गोष्ट वेगळी. आधी ब्रेक दाबलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का, लाल किल स्विच कुणा पोराने दाबून ठेवलाय का ते बघा. आमच्याकडे तिसरं कारण दोनदा निघालं.)

मग प्लग. सेल्फ मारून झाल्यावर लगेच काढून पाहिला तर कोरडा. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल पोचत नाही. ओला आणि वास मारणारा असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही, किंवा चोक जास्त झालाय. ठिणगी पाहायला प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवला, पेट्रोलपासून लांब. चांगली निळी पडत होती. तेव्हा कार्बोरेटर उघडला.

वाटीच्या तळाशी पिवळसर चिकट थर आणि पाण्याचे दोन मणी. पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि आमच्या हवेत ओलीला तोटा नाही. गाडी आठवडा-आठवडा उभी राहिली की हे व्हायचंच. पेट्रोल सोडणाऱ्या दोन पितळी तोट्यांपैकी (जेट) मोठा जेट साफ होता, स्लो जेटचं केसाएवढं भोक मात्र बुजलं होतं. गार इंजिन सुरू होताना आणि आयडलिंगला याच भोकावर जगतं. त्यात स्टीलची तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनरचा फवारा, मग हवेचा झोत, आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का ते पाहायचं. एवढं केल्यावर दहा-बारा प्रयत्नांचे पाच झाले. मी खूश होतो. खरं तर पाच हा आकडाही वाईटच, पण माणूस सवय करून घेतो.

फेब्रुवारीत नवं नाटक. गाडी दहा मिनिटं चालून बंद पडायची, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. टाकीचं झाकण सैल केलं तर बंदच पडेना. टाकीत हवा घेणारी नळी कुंभारीण माशीने लाल मातीने लिंपून बंद केली होती. दोन मिनिटांचं काम, पण त्यापायी मी एक अख्खा दिवस पुन्हा कार्बोरेटर खोलण्यात घालवला.

मार्चमध्ये तोडणी तोंडावर आली आणि पहाटेचा त्रास परत डिसेंबरवर गेला. शेवटी तिठ्यावरच्या मेस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी आयुष्यभर मोटारसायकली केल्या, एटीव्ही पहिल्यांदाच पाहत होते. वाकून सिलिंडर पाहिला आणि हसले. ‘‘ह्यां तर स्प्लेंडराचां भावंड! ह्याका कित्याक घाबरतस?’’ खरंच आहे ते. होंडाने १९५८ साली सुपर कब काढली, तिच्याच घराण्यातलं हे आडवं इंजिन, आणि आपल्याकडची ९७.२ सीसीची स्प्लेंडरही त्याच कुळातली.

काकांनी प्लगच्या जागी सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला, रेस पूर्ण उघडी धरून सेल्फ मारला. ९० पीएसआय (दाबाचं एकक), म्हणजे कमीच. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं, ९५. तेलाने आकडा बराच चढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असं धरायचं. चढला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हकडे. आडव्या सिलिंडरमध्ये तेल खालच्या बाजूला साचतं, त्यामुळे या चाचणीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असं काका स्वतःच म्हणाले.

टॅपेटची दोन गोल झाकणं खोलली. व्हॉल्व्हला दाबून उघडणारा दांडा, म्हणजे रॉकर, बोटाने हलवून पाहायचा, जरासा खडखडला पाहिजे. एक्झॉस्टचा हूं की चूं करेना. पुस्तिकेत रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये ०.०५ मिमी फट लिहिली होती, इथे शून्य. व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता, दाब त्याच्या कडेने निसटत होता, म्हणून इंजिन हलकं फिरायचं आणि गारठ्यात पेटायचं नाही. नव्या इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर बसत जातो तशी ही फट कमी होते, म्हणून पहिल्या सर्व्हिसला ती तपासायची असते. पुस्तिकेत ते छापलेलं होतं. मी पहिल्या सर्व्हिसला फक्त ऑइल बदललं होतं. ‘‘टॅपेट वाजलो तरी चलात, गप रवलो काय भिया,’’ काका म्हणाले.

स्वतः करणार असाल तर दोन गोष्टी. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं. आणि मॅग्नेटवरची (इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकावरची) ‘टी’ खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, दर फेरीला खिडकीत येते, म्हणजे दोनातली एकच वेळ खरी. इनटेकचा रॉकर खाली दबून वर आला की त्यानंतरची ‘टी’ धरायची. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, तेव्हा आवळून झाल्यावर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघा. मला पहिल्या वेळी दोन तास लागले, काकांना पंधरा मिनिटं.

फट लावल्यावर गेज १४० वर गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे चोक ओढला, सेल्फ मारला, दुसऱ्या प्रयत्नाला लागली. अख्खी तोडणी त्यावर निघाली.

जूनमध्ये ठेवताना टाकी आणि कार्बची वाटी रिकामी केली, बॅटरी काढून घरात आणली, फोमचा एअर फिल्टर धुऊन तेलात पिळून बसवला. कातळावरची तांबडी धूळ भयंकर असते, आमच्याकडे तो फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावाच लागतो. गणपतीत मुंबईची भावंडं आली, पोरांनी फेरीचा हट्ट धरला, नवं पेट्रोल घातलं आणि गाडी तिसऱ्या सेल्फला उठली.

सुरू होण्याबद्दल गुण पाचपैकी तीन, आणि गेलेल्या दोनातला एक माझ्या खात्यावर टाका. हवेच्या नळीच्या तोंडाला आता मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय. कुंभारणीने परवा सीटखाली घर केलं.