सरकारी पान गायब होण्याआधी: वेबॅक मशीन की स्वतःच्या ब्राउझरमधलं रेकॉर्डिंग?

सरकार बदललं की संकेतस्थळावरची पानं जातात, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अमेरिकेत निदान तारीख ठाऊक असते. नव्या राष्ट्राध्यक्षाची मुदत 20 जानेवारीला सुरू होते, म्हणून 2008 पासून तिथली ग्रंथालयं आणि वेबवरची पानं जपणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था मिळून दर चार वर्षांनी सरकारी साइट्सचा ‘एंड ऑफ टर्म’ संग्रह करतात. तरीही 31 जानेवारी 2025 ला सीडीसी या तिथल्या आरोग्य संस्थेची कित्येक पानं खाली उतरली, आणि 11 फेब्रुवारीला न्यायालयाला ती परत लावण्याचा आदेश द्यावा लागला. त्याच महिन्यात हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने 3 लाखांहून अधिक सरकारी माहितीसंचांची प्रत, सुमारे 16 टेराबाइटची, लोकांसाठी खुली केली.

आपल्याकडे अशी ठरलेली तारीख नसते. जून 2022 मध्ये राज्यातलं सरकार डळमळत असताना शासन निर्णय धडाधड निघत होते, राज्यपालांनी त्यांची माहिती मागवली, आणि 30 जूनला नवं सरकार शपथ घेऊन मोकळं झालं. पुणे महापालिकेची मुदत त्याच वर्षी मार्चमध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आचारसंहिता लागली की मंत्र्यांची छायाचित्रं आणि उल्लेख साइटवरून काढावे लागतात. माझा अनुभव असा की त्या आवराआवरीत कधी कधी योजनेचं अख्खं पानच जातं. शिवाय मुदतीची अभियानं असतात. स्मार्ट सिटी अभियान 25 जून 2015 ला सुरू झालं, 31 मार्च 2025 ला संपलं. अभियान संपल्यावर त्याच्या साइटवरचे अहवाल, निविदा, इतिवृत्तं कुणी सांभाळायची?

माहिती अधिकाराचं काम करणाऱ्याला हे जास्त बोचतं. कार्यालयात जाऊन फायली पाहायला निदान एक वेळ ठरवून दिली गेली: सोमवारी दुपारी 3 ते 5. पुणे महापालिकेत सुरू झालेली ही पद्धत 2018 मध्ये राज्यातल्या इतर कार्यालयांनाही लागू झाली. उतरवलेल्या पानासाठी अशी कुठलीही वेळ नाही. कायद्याचं कलम 4 खात्यांना 17 बाबी आपणहून जाहीर करायला सांगतं आणि त्या दरवर्षी अद्ययावत करायला सांगतं. व्यवहारात अद्ययावत करणं म्हणजे जुन्यावर नवं चढवणं. एका खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याने मला लेखी कळवलं की मागितलेला तक्ता संकेतस्थळावर उपलब्ध आहे, तो पाहून घ्यावा. पहिलं अपील सुनावणीला आलं तेव्हा तो तक्ता तिथे नव्हता, आणि त्या खुर्चीवरचे अधिकारीही बदललेले होते. माझ्याकडे त्याची प्रत होती म्हणून पुढचं बोलणं होऊ शकलं.

प्रत आपणच ठेवायची हे ठरलं, तर मुख्य मार्ग दोन. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या संग्रहातल्या ‘सेव्ह पेज नाऊ’ला पानाचा पत्ता द्यायचा, किंवा वेबरेकॉर्डरचं ‘आर्काइव्हवेब डॉट पेज’ हे एक्स्टेन्शन ब्राउझरला जोडून आपण पान पाहताना जे जे येतं ते सगळं रेकॉर्ड करायचं. साइट उतरवून घेणारे एचटीट्रॅक आणि डब्ल्यूगेट हे प्रोग्राम अजूनही कामाचे आहेत, पण साध्या, जुन्या बांधणीच्या साइट्ससाठी. आर्काइव्ह डॉट टुडे ही पानं जतन करणारी दुसरी साइट मी या कामाला वापरत नाही. ते कोण चालवतं हे जाहीर नाही, आणि पुढे कुणापुढे मांडायची वस्तू अशा ठिकाणी ठेवावी असं मला वाटत नाही. स्क्रीनशॉट तर कुणीही रंगवू शकतं, हे समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला म्हणतो.

वेबॅकचं मोठेपण मी मान्य करूनच पुढे जातो. तिथली प्रत आपण करत नाही, दुसरं कुणी करतं, आणि पंचनाम्यातल्या त्रयस्थ पंचाला जे वजन असतं ते तिला असतं. लिंक पाठवली की कुणीही उघडून पाहू शकतो. आपण विसरलो तरी ती राहते, आणि 10 वर्षांनी त्याच खात्यावर अभ्यास करणाऱ्या, आपली ओळखही नसलेल्या माणसाला ती सापडते. पत्ता चिकटवायचा, बटण दाबायचं, मिनिटभरात काम. पत्त्यातल्या 14 अंकांमध्ये वर्ष, महिना, दिवस आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. फक्त ती वेळ ग्रीनिचची असते, आपल्या साडेपाच तास मागची. पुण्यात पहाटे 4 वाजता जतन केलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख दिसते, आणि आचारसंहितेच्या दिवसांत एका तारखेच्या फरकावर सगळा मुद्दा अडू शकतो. अर्जात भारतीय वेळ वेगळी लिहून द्यावी.

मग मी दुसरीकडे का वळलो? ‘जिल्हा निवडा’मुळे.

आपल्या खात्यांची जी माहिती खरोखर हवी असते, लाभार्थी याद्या, शाळानिहाय पदं, कामांची बिलं, टँकरच्या फेऱ्या, ती बहुतेक वेळा साध्या पानावर नसते. आधी जिल्हा निवडा, मग तालुका, मग गाव, मग वर्ष, मग ‘शोधा’. तक्ता उमटतो, पण वर पत्त्याच्या पट्टीत एक अक्षरही बदललेलं नसतं. म्हणजे हवेली तालुक्याच्या तक्त्याचा आणि मुळशीच्या तक्त्याचा पत्ता एकच, आणि तोच रिकाम्या अर्जाचाही. बाहेरच्या कुठल्याही क्रॉलरला, म्हणजे पानं आपोआप उतरवणाऱ्या प्रोग्रामला, आपण फक्त पत्ता देऊ शकतो. आपण काय निवडलं होतं ते त्या पत्त्यात नसतंच. त्यामुळे जतन झाल्याचा संदेश येतो, लिंक मिळते, आणि ती उघडली की वर बोधचिन्ह, शेजारी मंत्रिमहोदयांचं छायाचित्र, आणि मधोमध ‘जिल्हा निवडा’. खाली तक्ता नाही. दोष वेबॅकचा नाही, पान बांधणाऱ्याचा आहे. पण ज्याला तक्ता हवा आहे त्याच्या हाती रिकामी चौकट येते, आणि बहुतेक जण ती लिंक नीट न उघडता नोंदवून ठेवतात, कारण संदेश तर यशाचा आलेला असतो.

याच्या जोडीला कॅप्चा असतो. सेशन संपलं की मरणाऱ्या पीडीएफच्या लिंका असतात. आणि काही सरकारी सर्व्हर भारताबाहेरून आलेली विनंती दारातच नाकारतात. कोथरूडमध्ये माझ्या घरी जे पान सुरळीत उघडतं, ते परदेशातल्या क्रॉलरला दिसतच नाही.

ब्राउझरमधल्या रेकॉर्डिंगला यातलं बरंचसं अडत नाही, कारण पान पाहणारा मीच असतो. मी जिल्हा निवडतो, कॅप्चा हाताने भरतो, ‘शोधा’ दाबतो, आणि सर्व्हरने मला जे उत्तर दिलं तेच नोंदलं जातं. शेवटी डब्ल्यूएसीझेड नावाची एक फाइल मिळते. तिच्या पोटात वॉर्क स्वरूपातला मजकूर असतो, जे ग्रंथालयांनी मान्य केलेलं आयएसओ 28500 मानक आहे, म्हणजे हे एक्स्टेन्शन उद्या बंद पडलं तरी फाइल वाचायला दुसरी साधनं असतील. ‘रीप्लेवेब डॉट पेज’वर ती टाकली की पान पुन्हा चालतं, यादीतून मी निवडलेला तालुका निवडला की बहुतेक वेळा तोच तक्ता पुन्हा उमटतो, आणि त्यासाठी ती कुठल्या सर्व्हरवर चढवावी लागत नाही. मूळ साइट पूर्ण बंद झाल्यावर असा तक्ता समोर आला की काय वाटतं, ते हे काम केलेल्यालाच कळेल.

त्रास इथेही आहेत. जे उघडलं नाही ते रेकॉर्ड होत नाही. तक्त्याचं दुसरं पान, बाजूचा टॅब, खालची पीडीएफ, प्रत्येक गोष्टीवर जाऊन यावं लागतं. वेबॅकला जिथे मिनिट लागतं तिथे इथे पाऊण तास सहज जातो. रेकॉर्डिंग चालू असताना ब्राउझर वर एक सूचना दाखवतो की अमुक एक्स्टेन्शन डीबग करत आहे. घाबरून ती बंद केली तर रेकॉर्डिंगही थांबतं. नोंदलेला मजकूर फाइल म्हणून बाहेर काढेपर्यंत ब्राउझरच्याच साठ्यात असतो, तेव्हा इतिहास पुसण्याची सवय असलेल्यांनी आधी फाइल उतरवून घ्यावी. आणि लॉगिन करून कधीही रेकॉर्डिंग करू नये. कुकी आणि तुमची खासगी माहिती त्या फाइलमध्ये जाते, आणि ती फाइल तुम्ही पुढे कुणाला तरी देणारच असता. मी या कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल ठेवलं आहे.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र विश्वासाचा. तुम्हीच रेकॉर्ड केलंत, तुम्हीच बदललं नाही कशावरून? हा प्रश्न रास्त आहे आणि वेबॅकच्या बाजूने पारडं इथेच जड होतं. माझ्या मते त्याला पुरेसं उत्तर आता कायद्यातच आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं; त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला, बोटाच्या ठशासारखा संकेतांक, लिहायची जागा आहे आणि तो काढण्याच्या एसएचए-256 या पद्धतीचा पर्यायही. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. डब्ल्यूएसीझेड ही एकच फाइल असल्यामुळे तिचा एकच हॅश निघतो. मी तो त्याच दिवशी दोन-तीन सहकाऱ्यांना ईमेलने पाठवतो. नंतर फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी हॅश जुळणार नाही. न्यायालयापर्यंत जायचंच असेल तर वकिलांचा सल्ला आधी घ्यावा. अपिलाच्या सुनावणीत मला एवढं पुरलं आहे.

एकाच ठिकाणावर विसंबण्याचा धोकाही लक्षात घ्यावा. ऑगस्ट 2017 मध्ये चित्रपटांच्या चोरीविरुद्धच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वेबॅक मशीन भारतात काही काळ अडवलं गेलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला, 3 कोटी 10 लाख खात्यांची माहिती फुटली, साइट काही दिवस बंद राहिली आणि परत आली ती सुरुवातीला फक्त जुनं वाचण्यापुरती. त्याच महिन्यात, 15 तारखेला, महाराष्ट्रात विधानसभेची आचारसंहिता लागली. पानं बदलत होती तेव्हा तिथे नवी प्रत ठेवायची सोय नव्हती. ज्यांनी आपल्या संगणकावर रेकॉर्डिंग करून ठेवलं त्यांचं काम थांबलं नाही.

म्हणून माझा क्रम असा झाला आहे: तक्ते, याद्या, निवडून पाहायची कुठलीही माहिती आधी ब्राउझरमध्ये रेकॉर्ड करायची, लगेच एकदा चालवून पाहायची, हॅश काढायचा, आणि मग त्याच खात्याची साधी पानं, म्हणजे योजनेचं निवेदन, अधिकाऱ्यांची यादी, प्रसिद्धिपत्रकं, वेबॅकला द्यायची. तुमचं काम मुख्यतः अशा साध्या पानांशी असेल, तर एकटं वेबॅक पुरेल आणि माझ्यासारखा पाऊण तास घालवायची गरज नाही, हेही खरं. पण शाळा, पाणी, रेशन, जमीन यांपैकी कशावरही काम करत असाल तर तक्त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शासन निर्णयांचं गणित वेगळं. जीआरची पीडीएफ मूळ फाइल म्हणूनच उतरवावी, प्रिंट देऊन नवी पीडीएफ करू नये. बहुतेक जीआर डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित असतात आणि ती स्वाक्षरी मूळ फाइलमध्येच तपासता येते. प्रिंट केली की तिचं नुसतं चित्र उरतं. शेवटच्या परिच्छेदातला लांबलचक संकेतांक फाइलच्या नावातच घालावा. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे तारीख, त्यामुळे फाइली आपोआप क्रमाने लागतात, आणि पुढे अर्ज करताना तोच क्रमांक देऊन नेमका निर्णय मागता येतो.

हाताशी फक्त मोबाइल असेल तर ब्राउझरचं रेकॉर्डिंग विसरा. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तेव्हा वेबॅकला पत्ता द्या, आलेली लिंक उघडून तक्ता खरोखर दिसतो का ते पाहा, आणि दिसत नसेल तर संगणक असलेल्या कुणाला तरी त्याच दिवशी फोन करा.