सात फुटी फायबरग्लास की नऊ फुटी ग्रॅफाइट : लहान पाण्यासाठी कोणता फ्लाय रॉड?

ज्यांच्याकडे फ्लाय फिशिंगचा नऊ फुटी, पाच वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) ग्रॅफाइट रॉड आधीपासून आहे आणि जोडीला सात फुटी, तीन वेटचा हलका फायबरग्लास रॉड घ्यावा की नाही असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. हे दोन्ही रॉड मी तीन प्रकारच्या पाण्यावर वापरून पाहिले : झाडीतून वाहणारा अरुंद ओढा, काठावर लव्हाळे माजलेले लहान तळे आणि मोकळ्या पात्राची रुंद नदी. यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला मला फारसा अर्थ वाटत नाही. आपला फ्लाय, म्हणजे पिसे-दोऱ्यांनी किड्यासारखा सजवलेला गळ, बहुतेक वेळा आपल्यापासून किती अंतरावर पडतो, यावर सगळी निवड ठरते, आणि हे अंतर आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असते. लाइनवर दर दोन मीटरला पक्क्या शाईची खूण करून मी ओढ्यावर एक सकाळभर प्रत्येक फेक मोजली, तेव्हा नऊ मीटरच्या पुढे गेलेल्या फेकी बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या. त्याआधी मला कोणी विचारले असते, तर मी बेलाशक बारा-पंधरा मीटर असे उत्तर दिले असते.

दोन रॉडमधला फरक समजण्यासाठी आधी त्यांच्या तंतूंकडे पाहावे लागते. रॉडची पोकळ नळी रेझिनने बांधलेल्या तंतूंची असते : फायबरग्लासमध्ये काचेच्या, ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या. ताठपणाच्या मापात, म्हणजे यंग गुणांकात, साध्या ई-ग्लासचा आकडा सुमारे ७२ गिगापास्कल, अधिक बळकट एस-ग्लासचा सुमारे ८६ आणि सर्वसाधारण कार्बन तंतूचा सुमारे २३० असतो. घनतेचा हिशेब याच्या उलट आहे. काच दर घन सेंटीमीटरला अडीच ग्रॅमच्या आसपास भरते, तर कार्बन १.८ ग्रॅमच्या. म्हणजेच तेवढाच ताठपणा हवा असेल तर काचेच्या नळीत तंतू जास्त भरावे लागतात आणि ते तंतू मुळातच जड असतात. सात फुटांपर्यंत हे वजन हाताला जाणवत नाही. पण साडेआठ-नऊ फुटांचा काचेचा रॉड टोकाशी जड लागतो आणि दुपारपर्यंत मनगट कुरकुरू लागते, कारण टोकाकडचे वजन हातापासून जितके दूर जाते तितके ते हलवणे आणि थांबवणे कष्टाचे होते. काचेची जमेची बाजू मात्र मोठी आहे. कार्बनचा तंतू दीड ते दोन टक्के ताणला की तुटतो, तर काचेचा तंतू साडेचार-पाच टक्के ताण सहन करतो. त्यामुळे काचेचा रॉड पार मुठीपर्यंत वाकवला तरी तो निमूटपणे वाकतो.

काचेच्या रॉडविषयी ज्यांच्या मनात जुनी अढी आहे, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९४० च्या दशकात आर्थर हॉवल्ड यांनी विकसित केलेल्या पद्धतीने शेक्सपिअर कंपनीने ‘वंडररॉड’ बाजारात आणला. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवल्यावर उत्तम रॉडसाठी लागणारा टोंकिन बांबू मिळेनासा झाला आणि काचेचे फावले. पुढे १९७३ मध्ये फेनविकने ग्रॅफाइटचा फ्लाय रॉड आणला आणि काच हळूहळू नवशिक्यांच्या स्वस्त रॉडपुरती उरली. एखाद्या अडगळीच्या खोलीत सापडलेल्या जाड, लिबलिबीत रॉडवरून आजच्या पातळ भिंतीच्या, बहुधा एस-ग्लासच्या रॉडची परीक्षा करणे म्हणूनच योग्य नाही.

आता मुख्य मुद्दा. लाइनचा वेट तिच्या पहिल्या ३० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९.१ मीटरच्या वजनावरून ठरतो. तीन वेटसाठी हे वजन १०० ग्रेन, म्हणजे साधारण ६.५ ग्रॅम असते आणि पाच वेटसाठी १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९.१ ग्रॅम. रॉडची आखणी एवढी लाइन टोकाबाहेर असेल असे गृहीत धरून केलेली असते. नऊ मीटरवर पडणाऱ्या फेकीत प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. सात फुटी रॉडचे २.१ मीटर आणि साडेसात फुटी लीडरचे (लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या निमुळत्या दोऱ्याचे) २.३ मीटर वजा केले, तर टोकाबाहेर ४.६ मीटर लाइन राहते, म्हणजे फार तर सव्वातीन ग्रॅम. नऊ फुटी रॉड आणि नऊ फुटी लीडर असेल, तर लाइन उरते ३.६ मीटर, म्हणजे पाच वेटची असूनही सुमारे साडेतीन ग्रॅमच. लाइनचा पुढचा भाग निमुळता असल्याने खरे वजन दोन्हीकडे याहूनही कमी भरते. थोडक्यात, ओढ्यावर दोन्ही रॉडच्या टोकाला जवळजवळ सारखाच भार लटकतो. त्या भाराने काचेचा रॉड वाकून कामाला लागतो, तर वेगवान, म्हणजे वाकून चटकन सरळ होणारा, ग्रॅफाइट काठीसारखा ताठ राहतो आणि फेकीचे सारे काम दंडाला करावे लागते. काचेच्या रॉडला ‘मंद’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

हा मंदपणा अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. पहिल्या तासाभरात माझी लाइन पुनःपुन्हा स्वतःलाच छेदून जात होती, लीडरला गाठी पडत होत्या आणि एकदा तर फ्लाय रॉडवरच आपटला. दोष माझ्या घाईचा होता. काचेचा रॉड वाकायला आणि सरळ व्हायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे मागच्या फेकीनंतर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते, हाताचा पल्ला थोडा लांब ठेवावा लागतो आणि जोर सुरुवातीला न लावता शेवटी, तोही बेतानेच लावावा लागतो. हे जमल्यावर लूप, म्हणजे हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा, ग्रॅफाइटच्या लूपइतका अरुंद होत नाही, पण फ्लाय पाण्यावर अलगद उतरतो. एकाच दिवशी दोन्ही रॉड आलटूनपालटून वापरू नयेत. मी तसे केले आणि दोन्हींवरची लय बिघडवून घेतली.

माझी आणखी एक चूक सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी हा रॉड मी जवळजवळ परतच करणार होतो. पहिल्या दिवशी मी त्यावर आधुनिक वेट-फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात एकवटलेली) लाइन चढवली होती. वेगवान ग्रॅफाइट चटकन वाकावा म्हणून अशा कित्येक लाइन नोंदवलेल्या वेटपेक्षा अर्ध्या ते एका वेटने जड बनवतात. ग्रॅफाइटवर ते खपून जाते. काचेचा रॉड मात्र त्या भाराखाली दबतो आणि आठ मीटरच्या पुढे फेकीतला जीवच जातो. पुढच्या खेपेला मानकाप्रमाणे वजन असलेली डबल टेपर (दोन्ही टोकांकडे सारखीच निमुळती) लाइन लावली, तेव्हा हातात जणू दुसराच रॉड आल्यासारखे वाटले. म्हणून काचेच्या रॉडवर मत बनवण्यापूर्वी लाइनच्या वेष्टणावर ग्रेनमध्ये छापलेला आकडा वाचावा, आणि तो तीन वेटसाठी १०० च्या फार पुढे असेल तर दोष रॉडला देऊ नये. रीलही अगदी हलके घेऊ नये, नाहीतर टोक सतत खाली झुकते.

ओढ्यावर काचेच्या रॉडला तोड नाही. डोक्यावर फांद्यांची कमान आणि पाठीमागे झुडपे असली की मागची फेक शक्यच नसते. तेव्हा रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पाण्यावरूनच पुढे उलगडणारी फेक, उपयोगी पडते, किंवा फ्लाय चिमटीत धरून, लाइन मागे ओढून रॉड धनुष्यासारखा वाकवायचा आणि सोडायचा. ही धनुष्यफेक काचेच्या रॉडने चार-पाच मीटरवर इतकी नेमकी पडते की दोन दगडांच्या बेचक्यातला हातभर शांत पाण्याचा तुकडाही साधता येतो. नऊ फुटी ग्रॅफाइट तिथे उभा करायलाच जागा नव्हती, आणि त्याचे टोक दर दहा मिनिटांनी पानांत अडकत होते. वितीएवढा मासा लागला तरी काचेचा रॉड मध्यापर्यंत वाकतो आणि त्याची प्रत्येक धडपड मुठीत उतरते. पाच वेटच्या ग्रॅफाइटवर तोच मासा टोकाची थरथर होऊन राहतो.

तळ्यावर निकाल इतका सरळ नव्हता. वारा नसताना, लव्हाळ्यांच्या कडेने लहान ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारा फ्लाय) टाकण्यात दोन्ही रॉड सारखेच वाटले. सकाळ सरता सरता वारा उठला आणि काचेच्या रॉडचा रुंद लूप वाऱ्यात विस्कटू लागला. ग्रॅफाइटने तेच काम अरुंद लूपने निभावले. वजनदार स्ट्रीमर (लहान माशासारखा दिसणारा फ्लाय) किंवा मोठा पॉपर (पाण्यावर आवाज करणारा तरंगता फ्लाय) तीन वेटच्या लाइनला झेपतच नाही. हा दोष काचेचा म्हणण्यापेक्षा वेटचा आहे. दूरच्या माशाने फ्लाय घेतल्यावर मऊ रॉड नुसता उचलून जाड तारेचा हुक नीट रुतत नाही, हे मात्र काचेचेच वैगुण्य आहे. अशा वेळी रॉड न उचलता डाव्या हाताने लाइन सरळ खेचावी लागते.

नदीवर मी दुपारपर्यंतच टिकलो. पाण्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या धारांपलीकडे निम्फ (पाण्याखाली बुडणारा फ्लाय) सोडायची असेल, तर मधली लाइन उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकत राहावे लागते, आणि तिथे नऊ फुटांची लांबी थेट कामी येते. सात फुटी रॉडने लाइन उचलताना फ्लायही ओढला जात होता आणि मासे तो सोडून देत होते. ही तुलना काच आणि कार्बन यांचीच राहिली नाही, लांबी आणि वेटही तिच्यात मिसळले, हा आक्षेप मला मान्य आहे. एकाच लांबीचे, एकाच वेटचे दोन रॉड घेतले असते तर तुलना अधिक काटेकोर झाली असती. पण घेणाऱ्यापुढे पर्याय तसे येत नाहीत. काचेचे रॉड मुख्यतः सहा ते आठ फुटांचे आणि कमी वेटचे असतात, आणि ग्रॅफाइट म्हटले की पहिल्यांदा नऊ फुटी पाच वेटच समोर येतो.

मऊ रॉडमुळे मासा दमून मरतो, ही तक्रार वारंवार कानावर येते. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धेच. रॉड ही तरफ आहे आणि ती आपल्या विरोधात काम करते. रॉड जितका लांब, तितका त्याच ओढीसाठी आपल्या मनगटावर भार जास्त. या हिशेबाने सात फुटी रॉडने माशावर पुरेसा जोर लावता येतो, फक्त टोक आकाशाकडे न नेता रॉड आडवा आणि खाली ठेवून मुठीजवळच्या भागातून ओढावे लागते. वाकणाऱ्या टोकामुळे ०.१५ मिलिमीटर जाडीचा ५एक्स टिपेटही (लीडरच्या टोकाचा बारीक दोरा) अचानक हिसक्याने तुटत नाही, हा काचेचा खरा लाभ आहे. पण त्या भरवशावर टिपेट आणखी बारीक करत नेला तर झुंज लांबते. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशांना पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर अशी लांबलेली झुंज सोसत नाही. अशा दिवशी रॉड कोणताही असो, त्यांच्या मागे न लागणेच बरे.

टिकाऊपणात काच निःसंशय पुढे आहे. वजनदार निम्फ ग्रॅफाइटवर आपटली की बारीक टवका पडतो, तो दिसत नाही, आणि काही दिवसांनी रॉड तिथेच तुटतो. काच असे धक्के बरेच सोसते. काचेच्या कित्येक रॉडचे सांधे स्पिगॉट पद्धतीचे असतात, म्हणजे एका भागातली खुंटी दुसऱ्या भागात बसते. त्यांत दोन भागांमध्ये काही मिलिमीटरची फट राहते, ती तशीच असायची असते. ती मिटवायला जोर लावू नये. आणखी एक : कार्बन विजेचा वाहक आहे आणि काच विद्युतरोधक, परंतु ओल्या रॉडवर आणि लाइनवर त्याचा भरवसा धरू नये; आकाशात गडगडू लागले की दोन्ही रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जावे.

ज्यांच्याकडे एकच रॉड असणार आहे आणि ज्यांचे पाणी रुंद किंवा वाऱ्याचे आहे, त्यांनी ग्रॅफाइटच ठेवावा. काचेच्या मोहात पडून त्यांची निराशाच होईल. ज्यांचे बहुतेक दिवस ओढ्यावर जातात, त्यांनी काचेचा रॉड दुसरा म्हणून न घेता पहिला म्हणून घेतला तरी चालेल. ज्यांचे पाणी या दोहोंच्या मधले आहे, त्यांनी आठ फुटी, चार वेटचा काचेचा रॉड पाहावा; तो मी फार थोडा वेळ हाताळला आहे, पण तेवढ्यातही लांबी आणि मऊपणा यांचा मेळ मला पटला.

निवड करण्यापूर्वी चाचणी मात्र पाण्यावरच्या अंतराने करावी. मोकळ्या मैदानावर रॉड हाती आला की प्रत्येक जण वीस मीटर फेकून पाहतो आणि त्या परीक्षेत काच हमखास नापास होते. लीडर लावून, टोकाबाहेर पाच मीटरपेक्षा जास्त लाइन न सोडता, वहीच्या पानाएवढ्या कागदावर दहा वेळा फ्लाय टाकून पाहावा, आणि मग तेच दुसऱ्या रॉडने, शक्यतो दुसऱ्या दिवशी. माझ्या हातून पहिल्या खेपेस काचेने दहापैकी सात फेकी कागदावर पडल्या आणि ग्रॅफाइटने चार; वीस मीटरवर हाच क्रम उलटा झाला असता, पण त्या अंतरावर मी ओढ्यात कधी फ्लाय टाकतच नाही.