चार्टर शाळा: पहिलं वर्ष संपत आल्यावर

महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जानेवारी आला की एकच प्रश्न सुरू होतो: "चार्टरला नाव घालू का?" दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. ऑगस्टपासून लेक सहावीला चार्टर शाळेत जाते. शाळेचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत.

नव्यांसाठी थोडक्यात. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) ताब्यात नसलेली शाळा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की प्रवेश लॉटरीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यासमोर आणली तर निम्मं चित्र बरोबर येतं. उरलेलं निम्मं शिक्षकांचं, त्यावर पुढे येतेच. अमेरिकेत पहिला चार्टर कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला. ॲरिझोनाने १९९४ मध्ये केला आणि आज इथल्या सरकारी पैशावर शिकणाऱ्या पाचांतलं साधारण एक मूल चार्टरमध्ये आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. गणित जोरात चालतं. लेक बीजगणित करते आणि रडत नाही. लिहून घेतात भरपूर, आणि वही तपासून परत येते तेव्हा समासात शिक्षकाने खरोखर काहीतरी लिहिलेलं असतं. वर्गात अभ्यासू असणं हा चेष्टेचा विषय नाही. आधीच्या शाळेत ती पुस्तक लपवून वाचायची, इथे मैत्रिणींशी पुस्तकावरून भांडते. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं होतं.

आता शिक्षक. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला सरकारी वेतनश्रेणी मिळते आणि १९७७ च्या कायद्याने नोकरीला संरक्षण आहे. इथे करार वर्षावर्षाचा. विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षक सोडले तर ॲरिझोनात चार्टरच्या शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्रही सक्तीचं नाही. याची चांगली बाजू अशी की विज्ञानाला एक रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले सर मिळाले, आणि काय शिकवायचे! वाईट बाजू अशी की नाताळच्या सुट्टीनंतर ते परत आलेच नाहीत. पुढे ते किराणा दुकानात भेटले तेव्हा म्हणाले, डिस्ट्रिक्टच्या शाळेत राज्याचं पेन्शन आहे, इथे नव्हतं. चार्टर शाळांना पेन्शन योजनेत सामील व्हायची सक्ती नाही. त्यांच्या जागी आलेली मुलगी नुकतीच पदवीधर झालेली, उत्साही, आणि रात्री अकराला ईमेलला उत्तर देणारी. ती किती वर्षं टिकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

गंमत म्हणजे ही कल्पना देशभर नेली ती शिक्षक संघटनेच्याच अध्यक्षांनी. १९८८ मध्ये अल्बर्ट शँकर म्हणाले होते की शिक्षकांनी स्वतः प्रयोग करावेत म्हणून अशा शाळा हव्यात. आज बहुतेक चार्टर शाळांत संघटनाच नाही.

फी शून्य आहे, पण खर्च शून्य नाही. चार्टरला डिस्ट्रिक्टसारखा मालमत्ता कराचा जादा पैसा मतदानाने मागता येत नाही, म्हणून दर मुलामागे वार्षिक देणगी "ऐच्छिक" असते आणि तिची आठवण नियमित येते. शाळेत स्वयंपाकघर नाही, डबा घरूनच. बस नाही. ऑगस्टमध्ये बाहेर ४३ अंश, गाडीच्या आरशाला नंबराचं कार्ड टांगलेलं, एसी चालू ठेवून रांग मुख्य रस्त्यापर्यंत, आणि पुढे पिवळ्या जाकिटातला कोणीतरी पालकच वॉकीटॉकीवर नंबर पुकारतोय. आम्ही दोघं आयटीवाले, तीनची मीटिंग पुढे ढकलता येते. माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या बाईंच्या मुलालाही लॉटरीत जागा लागली होती. त्यांची शिफ्ट चारला सुटते. त्यांनी जागा सोडली, मुलगा बस येते त्या शाळेत गेला.

लॉटरी निष्पक्ष असते हे मला मान्य आहे. चिठ्ठीत कोणी हात घालत नाही. पण चिठ्ठीनंतर गाडी, वेळ आणि डबा लागतो, तिथे गाळणी बसते. महाराष्ट्रातली आरटीईची लॉटरी वंचित आणि दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागांसाठी असते. इथल्या लॉटरीत भावंडांना आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य, म्हणजे आत असलेल्यांनाच. आमच्या धाकट्याला त्याचाच फायदा होणार आहे, हेही सांगून टाकते.

मूल अपंग आहे किंवा त्याच्या विशेष गरजा आहेत म्हणून शाळा त्याला कायद्याने नाकारू शकत नाही. तरी लेकीच्या वर्गातला एक एडीएचडी (लक्ष टिकवायला आणि शांत बसायला अवघड जाणं) असलेला मुलगा फेब्रुवारीत गेला. काढलं कोणीच नाही. त्याच्या आईला आठवड्याला फोन यायचे, "ही शाळा त्याच्यासाठी योग्य आहे का, विचार करा." शाळेला मिळणारे पैसे ॲरिझोनात पहिल्या १०० दिवसांच्या पटावर ठरतात. तो त्यात मोजून झाला होता. माझी सर्वात मोठी तक्रार ही आहे, बाकी रांग वगैरे चालतं.

"चार्टर चांगल्या की वाईट" यावर ग्रुपवर आकडे फेकणाऱ्यांसाठी: स्टॅनफर्डच्या क्रेडो या गटाने २००९ मध्ये पाहिलं तेव्हा गणितात १७ टक्के चार्टर शाळा डिस्ट्रिक्टच्या शाळांपेक्षा सरस होत्या, ३७ टक्के मागे. २०२३ च्या पाहणीत चित्र पालटलं, सरासरीने वर्षाला वाचनात शाळेच्या १६ दिवसांइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी जादा प्रगती. पण फायदा जास्त होता तो गरीब कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना, आणि ऑनलाइन चार्टर तेव्हाही मागेच होत्या. म्हणजे ज्यांना या शाळांचा खरा उपयोग, ती मुलं आमच्या रांगेत नाहीत. रांगेत आम्ही आहोत. दरम्यान दक्षिण फिनिक्सच्या रुझवेल्ट डिस्ट्रिक्टने डिसेंबर २०२४ मध्ये पाच शाळा बंद करायचं ठरवलं. पट घटला. त्याला जन्मदर आणि घरभाडीही कारणीभूत, पण चार्टर आणि व्हाउचरही (खासगी शाळेसाठी पालकांना मिळणारे सरकारी पैसे) आहेतच.

पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार, बाकीच्याने खाली ओढलं. पुढच्या वर्षी लेक तिथेच जाणार. घरात एकाची तरी वेळ लवचीक असेल आणि मूल आपल्या आपण बसून अभ्यास करणारं असेल, तर जरूर नाव घाला. मुलाला थोडा जास्त आधार लागत असेल तर चँडलरच्या डिस्ट्रिक्ट शाळा काही वाईट नाहीत, आधी तिथे चौकशी करा. आणि चार्टर बघायला गेलात की प्रयोगशाळा नंतर बघा. आधी विचारा, गेल्या वर्षीचे किती शिक्षक आज इथे आहेत, आणि पाचवीत आलेल्यांपैकी किती मुलं आठवीपर्यंत टिकली. आम्ही पहिला प्रश्न विचारला तेव्हा हातात माहितीपत्रक मिळालं.