कूलिंग जॅकेट, देवगडच्या उकाड्यात: पाचपैकी दोन तारे

एप्रिलमध्ये आंबा काढणीच्या ऐन धांदलीत गड्यांसाठी चार कूलिंग जॅकेटं ऑनलाइन मागवली. एकाचे साडेअठराशे. दहा मिनिटं पाण्यात बुडवायचं, पिळायचं, अंगात घालायचं. पाणी वाळत जाईल तसा गारवा. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘45 अंशांतही थंड’. आमच्याकडे पारा 45 ला जातो कधी? तिथेच मला शंका यायला हवी होती.

शिवण चांगली, चेन मजबूत, मापंही बरोबर. सकाळी सातला गडी खूश होते. खरी परीक्षा दहानंतर. मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) थांबलेली, समुद्रावरून येणारा खारा वारा अजून सुटायचा, कलमाचं पान हलत नाही आणि खालून कातळ भाजतोय. आमच्या जुन्या गड्याने झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) खाली ठेवला आणि म्हणाला, “वयनी, ह्या घालून माका अधिकच उकडता. घामान भिजलंय की पाण्यान, ताच कळणा नाय.”

त्याचं बरोबर होतं. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं, घामाचंही तेच काम. पण हवेतच बाष्प भरलेलं असेल तर वाळणार कसं? त्या दिवशी पडवीतल्या मीटरवर 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता होती. एवढ्यात अंगाला 41 च्या आसपास जाणवतं, तेही सावलीत. अशा हवेत हे जॅकेट म्हणजे ओली गोधडी. वर आतलं नायलॉनचं अस्तर असलानसला वाराही अडवतं. माझा भाऊ नागपूरला रस्त्याच्या कामावर आहे, त्याला हेच जॅकेट आवडलं. तिथलं ऊन कोरडं, चूक जॅकेटची नाही. पण विकणाऱ्याने दमट हवेबद्दल एक ओळ लिहिली नव्हती, आणि ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे मात्र लगेच कळवलं. त्याचे दोन तारे कापले.

तिसरा कापला तो तिसऱ्या दिवसामुळे. नवा मुलगा, कामाचा तिसराच दिवस, साडेअकराला चक्कर येऊन खाली बसला. अंग घामाने चिकट, मळमळ, पायात गोळे. जॅकेट आहे म्हणून तो बिनधास्त होता, आणि खरं सांगायचं तर मीही. आधी जॅकेटच काढलं. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पंख्याखाली निजवून पाय उशीवर ठेवले, अंगावर पाणी मारलं, घोट घोट ओआरएस पाजलं. तासाभरात बोलायला लागला. बरळला असता किंवा शुद्ध हरपली असती तर तो उष्माघात. तेव्हा पाजत बसायचं नाही, अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना. (ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आमचे गडी ते एका ग्लासात ढवळून पीत होते!)

त्या मुलाला मी पहिल्याच दिवशी पुऱ्या कामाला लावलं होतं. जॅकेटपेक्षा ही चूक मोठी. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी जेमतेम पाचवा हिस्सा काम द्यायचं आणि रोज थोडं थोडं वाढवायचं. आता तसंच करते. काढणी साडेसहाला सुरू, साडेदहाला बंद, पुन्हा चारनंतर. दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागो न लागो. नऊला उकड्या तांदळाची पेज, मीठ जरा जास्त घालून. माझी सासू हेच करायची. पेजेसाठी तिला कुठल्या पाकिटावर काही वाचावं लागलं नव्हतं.

मग दोन तारे तरी कशाचे? एक शिवणीचा. दुसरा मांगरात पेट्या भरणाऱ्या बायकांचा: त्यांच्यावर दिवसभर पंखा फिरतो, वाऱ्याने जॅकेट थोडं तरी वाळतं, आणि त्यांना ते आवडतं. तीन जॅकेटं त्यांनी वाटून घेतली आहेत. चौथं पाण्याच्या मडक्याला गुंडाळलंय. खारा वारा सुटला की तिथे बऱ्यापैकी चालतं.