८६बॉक्स, आठ महिन्यांनंतर: सगळी मेख टायटल बारमधल्या आकड्यात

८६बॉक्स म्हणजे अख्खा जुना पीसी सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा इम्युलेटर. आठ महिने त्यावर विंडोज ९८ आणि पानं मांडायचं पेजमेकर ६.५ रोज चालतंय. काम एकच, जुन्या मराठी फॉन्टमधली पानं उघडून छापायला देणं. लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-५. पहिल्या दोन महिन्यांत विचारलं असतं तर तीन स्टार दिले असते, आता चार.

टायटल बारमध्ये, म्हणजे ८६बॉक्सच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत, निवडलेलं जुनं मशीन पूर्ण वेगाच्या किती टक्के धावतंय ते दिसतं, तिकडे कुणी बघत नाही. आकडा १०० असूनही विंडोज रखडत असेल, तर तुम्ही निवडलेलं जुनं मशीनच तेवढं संथ आहे. शंभराखाली घसरला, तर तुमचा लॅपटॉप धापा टाकतोय. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलटे.

८६बॉक्समध्ये पेंटियम २०० एमएमएक्स प्रोसेसर लावला की इथे आकडा ७५ च्या आसपास. हिशेबाने ते १५० मेगाहर्ट्झ झाले, म्हणजे पेंटियम १३३ पेक्षा जास्तच. पण आवाज, माऊस, घड्याळ सगळंच त्या प्रमाणात मागे पडतं आणि आवाज फाटतो. १३३ वर उतरा, १०० टक्के मिळतात, कटकट संपते. जास्त कोअरचा लॅपटॉप घेऊन उपयोग नाही. इम्युलेट केलेला प्रोसेसर एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर धावतो. व्हूडू हे जुनं थ्रीडी ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तरच त्याचे रेंडर थ्रेड वाढवून बघा. सॉफ्टफ्लोट या दशांश गणिताच्या पर्यायावर टिक असेल तर काढा, तो अचूकतेसाठी वेग खातो.

१०० वर असूनही फाइल उघडायला वेळ लागत असेल तर डिस्ककडे वळा. हार्ड डिस्कचा वेग जुन्या ५४०० आरपीएमवर असेल तर ८६बॉक्स तेवढाच उशीर इमानेइतबारे लावतो. तिथे रॅम डिस्कचा पर्याय घ्या. मग विंडोज ९८ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्हच्या सेटिंग्जमधलं डीएमए (डिस्कवरचा डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय) चालू करा. इमेज फाइल, म्हणजे जिच्यात ती जुनी हार्ड डिस्क साठते ती फाइल, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, आणि ती जिथे ठेवाल ते फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

आता खरं दुखणं. गुरुवारी लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि आकडा धाडकन ५५ वर. सॉफ्टवेअरच भिकार, असं माझं मत होतं; ते मागे घेतो. दोष विंडोजच्या पॉवर मोडचा. बॅटरीवर असतानाचा मोडही ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा. काही लॅपटॉप त्यालाही जुमानत नाहीत, मग इन्व्हर्टर.

अर्ध्या तासाने हळूहळू घसरण होत असेल तर ती उष्णता. दुरुस्तीवाल्याने सरळ नवीन लॅपटॉप घ्या म्हणून सांगितलं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी पेस्ट) ट्यूब आणली, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. आता दिवसभर १०० टिकतात. नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले.

कापलेला एक स्टार याचाच: आकडा पडतो हे दिसतं, पण का पडला ते ८६बॉक्स सांगत नाही. सगळी हमाली आपली.

नुसत्या डॉस प्रोग्रामसाठी एवढा संसार मांडू नका, डॉसबॉक्स हा साधा डॉस इम्युलेटर पुरतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘कोअर’ डायनॅमिक ठेवा, ‘सायकल्स’ (वेगाचा आकडा) मॅक्सवर सोडू नका. सायकल्स कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंग साधनात लिहिलेला जुना प्रोग्राम ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडला, तर सायकल्स कमी करा. तिथे वेग जास्त झालेला असतो.