मसल सोनोग्राफी सेंटर, पुणे: तपासणी मस्त, रिपोर्टात कंजूषी

माझ्या भाच्याला ड्यूशेन (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा जन्मजात आजार) आहे, न्यूरोवाल्या मॅडमनी मांडी-पोटरीची सोनोग्राफी सांगितली म्हणून इथे नेतो. एमआरआयसारखं त्या बोगद्यात हलू नको हलू नको करत बसावं लागत नाही, भूल नाही, रेडिएशन नाही, पोरगं मोबाईलवर कार्टून बघत पडतं, गार जेल लागलं की खिदळतं आणि तेवढ्यात काम उरकतं. डॉक्टर स्क्रीन वळवून नीट समजावतात: निरोगी स्नायू काळसर दिसतो, खाली हाडाची पांढरी रेघ ठळक, पण आत चरबी आणि तंतू वाढले की स्नायूच पांढुरका होत जातो नि हाडाची रेघ पुसट होते, शेवटी दिसतच नाही. याची १ ते ४ अशी ग्रेड असते, तिला हेकमॅट ग्रेड म्हणतात, १९८२ पासून आहे. पोटऱ्या फुगलेल्या बघून आमच्या आजीला पोरगं दणकट वाटायचं, ती ताकद नाही हे स्क्रीनवर बघून तिला पटलं.

आता तक्रार. रिपोर्टात नुसतं ‘ग्रेड ३’, मशीनचं सेटिंग, म्हणजे गेन (चित्राचा उजळपणा) किती, डेप्थ (किती खोलवर बघितलं) किती, काही लिहीत नाहीत. मागच्या खेपेला न सांगता दुसऱ्या मशीनवर केलं, पांढरेपणा कमी दिसला, आम्ही पेढे आणायच्या बेतात! मॅडम म्हणाल्या सेटिंग बदललं की तुलनाच होत नाही. रॅम्प आहे, व्हीलचेअर आरामात जाते, पार्किंगची बोंब. ५ पैकी ३. जाणार असाल तर फोनवरच तेच मशीन मागा आणि इमेजेसची सीडी घेतल्याशिवाय निघू नका.